साडेसात बोटांची हजेरी

साडेसाते हे काही त्याचं आडनाव नव्हे. उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून गेली, तिसरं अर्ध्यातून. उरली साडेसात, आणि बंदरावरच्या टवाळांना तेवढं पुरलं. त्यालाही राग नव्हता. "मोजणी तरी बरोबर आहे ना," एवढंच तो म्हणायचा.

एकोणीस वर्षांपूर्वी शिडाच्या एका गलबतावर विंचमध्ये त्याचा हातमोजा अडकला. विंच म्हणजे शिडाचे दोर ओढणारा, विजेवर फिरणारा रहाट. बटण दाबणाऱ्याला वाटलं, सगळे बाजूला झालेत. झाले नव्हते. जखम दोन महिन्यांत भरली आणि डॉक्टरांनी 'पूर्ण बरा' असं लिहून दिलं. त्यांचं काय जातंय लिहायला! थंडी पडली की नसलेली बोटं ठणकायची. शर्टाची बटणं लावायला बायको लागायची. उजव्या हाताने कप धरला तर निम्मा चहा मांडीवर. आणि कहर म्हणजे नसलेल्या करंगळीला खाज सुटायची. आता खाजवणार काय, कपाळ? पण बायकोने त्यावरही इलाज काढला. करंगळी जिथे असायला हवी होती, तिथली हवा ती नखांनी खाजवायची आणि हा डोळे मिटून म्हणायचा, "हां, जरा खाली." खाज थांबायची! बघणाऱ्याला वाटे, दोघांच्याही डोक्यावर परिणाम झालाय.

घरात त्याने एक कायदा केला होता. कुठलंही यंत्र चालू करण्याआधी "बोटं?" अशी आरोळी ठोकायची, आणि खोलीतल्या प्रत्येकाने दोन्ही हात वर करून आकडा सांगायचा. मग तो साधा मिक्सर का असेना. एकदा विजेचा मीटर बघायला आलेला माणूसही त्यात सापडला. घरावर दरोडा पडलाय असं समजून बिचारा हात वर करून कितीतरी वेळ तसाच उभा होता.

समुद्र का सोडला, असं कुणी विचारलं की तो सांगे, "कंटाळा आला." किनाऱ्यावरच्या खोलीत बसून तो शिडं शिवायचा, तीही डाव्या हाताने, आणि त्याची शिवण दृष्ट लागावी अशी असे. खरं कारण वेगळंच होतं. विंचचा आवाज कानावर पडला की त्याच्या गुडघ्यांतलं बळ जायचं. एकोणीस वर्षांत त्याने गलबतावर पाऊल टाकलं नव्हतं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, लेकीला तर मुळीच नाही.

आणि नेमकी तीच लेक कप्तानाची परीक्षा पास झाली. एका मालकाने तिला चाचणीला बोलावलं. फेरी पसंत पडली तर गलबत तिच्या हाती देणार होता. चाचणीच्याच दिवशी सकाळी तिच्या दोन खलाशांपैकी एक तापाने आडवा झाला. ती तडक शिडांच्या खोलीत आली.

"बाबा, चला. तिघं नसतील तर गलबत सोडू देत नाहीत."

"मी? अगं, हे शीड आज द्यायचंय."

"कुणाला?"

"आहे एक जण."

"बाबा, आज गेलो नाही तर गलबत दुसऱ्याला जाईल."

पोरीने दहा वर्षं या एका सकाळसाठी जिवाचं रान केलं होतं. त्याने सुई खाली ठेवली.

मालक घाईने अगदी घोड्यावर बसून आल्यासारखा. गलबत मोकळ्या पाण्यात येताच तो विंचपाशी टेकला आणि खिशातून घड्याळ काढून म्हणाला, "चढवा शीड. बघू किती वेळ लागतो."

लेक बटणापाशी गेली आणि थांबली. "बोटं?"

आता संपलं, असं बापाच्या मनात आलं. घरातला खुळेपणा इथे कशाला? गेलं गलबत हातचं!

"दहा!" खलाशाने हात वर केले.

"मालक, तुमची?"

"हा काय पोरखेळ आहे?"

"शीड चढवायचंय ना? मग बोटं."

मालकाने कपाळाला आठ्या घालून घड्याळ धरलेला हात वर केला. "ही पाच. झालं?"

"उरलेली पाच?"

मालकाने खाली पाहिलं. त्याचा दुसरा हात विंचवर, दोराच्या वेढ्यांत बोटं घालून आरामात विसावला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने हात हळूच सोडवून घेतला आणि दोन्ही हात उंच धरले. "दहा," तो बारीक आवाजात म्हणाला.

"बाबा?"

"साडेसात!" आवाज इतका मोठा निघाला की तो स्वतःच दचकला.

"सगळी आहेत," लेक म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

विंच घरघरू लागला. गुडघ्यांनी दगा दिलाच, पण त्याने कठडा घट्ट धरला आणि तो उभा राहिला. शीड वर चढलं. किती वेळ लागला हे मालकाने पाहिलंच नाही.

"हे बोटांचं रोज करता?" त्याने विचारलं.

"रोज."

"माझ्या गलबतावरही रोज झालं पाहिजे," मालक म्हणाला आणि आपला हात कुरवाळत पुढे जाऊन बसला.

बापाचा जीव भांड्यात पडला. लेक सुकाणूवर होती, नजर शिडावर; तो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "गुडघे कापतायत ना अजून?" तिने हळूच विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"लहानपणी मिक्सर लागला की तुम्ही पटकन खुर्चीत बसायचात. मला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा बसतात."

तेवढ्यात करंगळीला खाज सुटली, म्हणून त्याने हात पाठीमागे लपवला. लेकीने वळूनही पाहिलं नाही. एका हाताने सुकाणू धरून तिने दुसरा हात त्याच्या पाठीमागे नेला आणि तळहाताच्या कडेची हवा नखांनी खाजवू लागली.

"जरा खाली," तो म्हणाला.