पायाचं माप

लेकीच्या बाळंतपणासाठी न्यूझीलंडला निघताना श्यामलाबाईंनी बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा आणि क्रोशाच्या तीन सुया भरल्या होत्या. तिथल्या विमानतळावरच्या माणसाने अळीव आणि बाळंतशेपा बिया म्हणून काढून घेतल्या, लाडू हुंगून पाहिले आणि तेही ठेवून घेतले. सुया तेवढ्या परत दिल्या. "म्हणजे मी इथं येऊन काय करायचं ते त्यानेच ठरवून टाकलं," असं त्या पुढे महिनाभर ज्याला त्याला सांगत होत्या.

आणि ते खोटंही नव्हतं. सांगलीच्या पाटबंधारे खात्यात त्यांनी तीस वर्षं कारकुनी केली, मधेच नवरा गेला तरी केली. त्या तीस वर्षांत टेबलाच्या खणात एक अर्धवट रुमाल कायम असायचा. साहेबाची पाठ वळली की खण उघडायचा, साहेब वळला की बंद. ओळखीपाळखीतलं एकही रुखवत त्यांच्या तोरणाशिवाय मांडलं गेलं नाही. पैसे कधी घेतले नाहीत. हौस ती हौस.

वेलिंग्टनजवळच्या अप्पर हट या गावी त्या आल्या २००६च्या मे महिन्यात. मुलगी कल्याणी दवाखान्यात फार्मासिस्ट, जावई अभिषेक सकाळच्या गाडीने वेलिंग्टनला नोकरीवर. घर एवढं गार, की सकाळी पाण्याला हात लावताना जिवावर यायचं. दिवसभर एकटी बसून आई खुळी होईल म्हणून कल्याणीने त्यांना दर मंगळवारी हस्तकलेच्या गटात नेऊन सोडायला सुरुवात केली. तिथे बेरिल नावाच्या सत्तरीच्या बाईने त्यांना हातकागद शिकवला. जुने कागद भिजवायचे, मिक्सरमधून लगदा काढायचा, पाण्यात कालवायचा, जाळीच्या चौकटीने उचलायचा, कापडावर पालथा घालायचा. बाईंना इंग्रजी बेताचंच येत होतं आणि बेरिलला मराठी अजिबात नाही, पण लगद्यात हात घातल्यावर कुणाचं काही अडत नव्हतं. बाईंनी जुन्या वस्तूंच्या दुकानातून स्वतःचा मिक्सर आणला. गॅरेज कागदांनी भरलं. "आई, हीप्स ऑफ कागद झालेत. आता दुकान काढू," कल्याणी म्हणायची.

एका बाबतीत मात्र बाई कडक होत्या. बाळ हाती येईपर्यंत त्याच्यासाठी काही करायचं नाही. झबलं नाही, दुपटं नाही, पाळणा नाही. गाडीतली बाळाची सीट नियमच आहे म्हणून घ्यावी लागली, तर ती त्यांनी अभिषेकच्या मित्राच्या, रमणच्या घरी ठेवायला लावली. कल्याणी हसली, पण तिने ऐकलं. ती लहानपणापासून आईचं ऐकणारी.

आणि नियम मोडला तो बाईंनीच. जुलैतल्या एका मंगळवारी बेरिलने मलईच्या रंगाच्या लोकरीचा गुंडा त्यांच्या हातात ठेवला. लोकर इतकी मऊ होती की बोटं ऐकेनात. घरी कुणी नव्हतं. साखळ्या घातल्या, खांब घातले, आणि दुपारच्या चहाच्या आत दोन मोजे तयार. एवढेएवढेसे. त्यांनी ते गालाला लावले, मग भानावर आल्या आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात, पासपोर्टच्या मागे दडवून ठेवले. आपण चोरी केल्यासारखं त्यांना वाटलं. खरं सांगायचं तर चोरी केल्याचा आनंदही झाला.

त्यानंतर नवव्या दिवशी कल्याणीच्या पोटातली हालचाल थांबली.

दवाखान्यात यंत्र लावून बघितलं, दुसरं यंत्र लावून बघितलं. छत्तिसावा आठवडा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी जन्मली, रडली नाही. मिडवाइफ नायरी चांगली बाई होती. तिने हळू आवाजात कल्याणीला विचारलं, हिला जवळ घेणार का, हिच्यासाठी काही कपडे आणलेत का. कपडे नव्हते. पलंगाच्या पायाशी उभ्या असलेल्या बाईंच्या खांद्याला पर्स होती आणि पर्समध्ये मोजे होते. त्यांनी ती उघडली नाही. हे आपल्यामुळे झालं, आपल्या हौसेने झालं, हे त्यांच्या मनाने केव्हाच घेतलं होतं. आता निदान यापुढे तरी सगळं रीतीने झालं पाहिजे, एवढंच त्यांना सुचत होतं.

बाई कल्याणी आणि नायरी यांच्या मधे येऊन उभ्या राहिल्या. "बघू नकोस कल्याणी. बघितलंस की जीव अडकतो. आपल्यात बघत नाहीत."

"खरंच नको बघू?"

"नको. माझं ऐक."

"तू म्हणतेस म्हणून," कल्याणी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

बाईंनी मात्र पाहिलं. शेजारच्या खोलीत नायरीने बाळाला पुसलं, तेव्हा त्या शेजारी उभ्या होत्या. फडक्यातून एक पाय बाहेर आला होता. तो आत सारायला त्यांनी बोट लावलं आणि पाय बोटाच्या कडेला टेकला, दुसऱ्या पेराच्या जरा वरपर्यंत आला. त्या बोटांनी जन्मभर मापंच घेतली होती. मोजे अगदी बरोबर बसले असते, हा विचार त्यांच्या मनात आला तो गेलाच नाही.

फोटो काढू का असं नायरीने विचारलं, त्यालाही बाईंनी मान हलवून नकार दिला. शेवटी तिने एका जाड कार्डावर दोन्ही पावलांचे काळ्या शाईचे ठसे घेतले आणि पाकिटात घालून अभिषेकला दिले. "आज नाही, पण ती कधीतरी मागेल," ती म्हणाली. अभिषेकने ते उघडलंसुद्धा नाही. "आई, हे तुम्ही नीट ठेवा. मला नाही जमायचं." मग तो आणि रमण दोघेच जाऊन मुलीला पुरून आले.

कल्याणी अजून दवाखान्यात होती. ती यायच्या आत घर निर्मळ करायचं, हे बाईंना कुणी सांगावं लागलं नाही. गावाकडे हेच करतात. बाईला घरी आल्यावर काही दिसू नये, आठवू नये, म्हणून मायेची माणसं आधी जाऊन सगळं उचलतात. त्यांनी डोहाळजेवणाचे फोटो बॅगेच्या तळाशी घातले. मोजे उसवले, लोकर परत गुंड्यावर गुंडाळली. मग पाकीट उघडलं.

दोन पावलं. दहा बोटं, नीट मोजता येण्यासारखी.

हे कल्याणीच्या हाती पडलं तर ती यातून कधीच उठणार नाही, असं त्यांना वाटलं. आईला लेकीचं सगळं कळतं, हा आयांचा जुना गैरसमज. त्यांनी कार्ड फाडलं, भिजवलं आणि मिक्सरमध्ये घातलं. शाई विरघळून पाणी राखाडी झालं. तो लगदा मोरीत ओतायला मात्र हात होईना. मग त्यांनी तो इतर लगद्यात कालवला आणि सहा कागद उचलून वाळत घातले. त्या रडल्या नाहीत. आपण लेकीवर एक उपकार केला, असं त्यांना त्या दिवशी मनापासून वाटत होतं.

ऑक्टोबरमध्ये कल्याणी कामावर जाऊ लागली. घरात बाळाचं नाव कुणी काढत नव्हतं. बाईंचा व्हिसा नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपत होता, मंगळवारच्या गटाला जाणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. एके दिवशी कल्याणी दुपारीच घरी आली. दवाखान्यात तिला नायरी भेटली होती. कित्येक महिन्यांनी तिच्या तोंडावर रंग दिसत होता.

"आई, तिच्या पायांचे ठसे आहेत म्हणे. अभिषेकला फोन केला, तो म्हणाला आईंकडे आहेत. दे ना. मला बघायचंय."

हरवले म्हणावं, असं श्यामलाबाईंच्या मनात येऊन गेलं. पण लेक समोर हात पुढे करून उभी होती. त्या गॅरेजमध्ये गेल्या आणि सहा राखाडी कागद घेऊन आल्या.

"हे काय?"

"यातच आहेत ते. मी लगदा केला त्यांचा."

कल्याणीने कागद हातात घेतले. एकेक उजेडासमोर धरला. "कुठल्यात?" तिने विचारलं.

"ते मलाही सांगता यायचं नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मोज्यांपासून सांगितलं, पर्सचंसुद्धा सांगितलं. "मी आधी विणलं म्हणून झालं गं. माझ्या हातून झालं. म्हणून म्हटलं, आता तुला तरी काही दिसायला नको."

कल्याणीने कागद खाली ठेवले. "नाळेत गाठ होती, आई," ती म्हणाली. "रिपोर्ट ऑगस्टमध्येच आला. तू कधी विचारलंच नाहीस. मोज्यांनी काही नाही झालं. ते घालायला दिले असतेस, तर तिच्या अंगावर आजीचं काहीतरी गेलं असतं. आणि ती पावलं तेवढी माझ्याकडे राहिली असती."

आपण दोनदा लेकीच्या आड आलो, दोन्ही वेळा मायेनेच आलो, हे बाईंना आता लख्ख दिसत होतं, आणि परत करता येण्यासारखं त्यातलं काहीच उरलं नव्हतं.

"केवढा होता पाय?" कल्याणीने विचारलं.

बाईंनी तर्जनी पुढे केली, दुसऱ्या पेराच्या वर अंगठ्याचं नख टेकवलं. कल्याणीला त्यातून काही कळेना. तेव्हा त्या उठल्या आणि मलईच्या रंगाचा तो गुंडा काढून आणला. उसवलेल्या लोकरीला जुन्या टाक्यांच्या चुण्या पडल्या होत्या. लेकीसमोर बसून त्यांनी साखळ्या घातल्या, मग खांब. टाके मोजायची गरज पडली नाही. घोट्यापाशी धागा तोडला आणि मोजा लेकीच्या तळहातावर ठेवला.

कल्याणीने त्यात दोन बोटं घातली. बोटं टाचेपर्यंत गेली आणि अडली.

"एवढाच होता?"

"एवढाच होता. बोटभर."

"नक्की?"

"नक्की गं. मी हात लावला होता."

कल्याणीने बोटं तशीच आत ठेवली होती. ती आईकडे बघत नव्हती.

"तू म्हणतेस म्हणून," ती म्हणाली, आणि उठून आपल्या खोलीत गेली.