क्रूस की दहाचा आकडा?

आमच्या कामात दगड कमी आणि दगडांचे किस्सेच जास्त साठतात. मी पुण्याची, क्योतोत पीएचडी करते. जपानमधल्या जुन्या ख्रिस्ती थडग्यांवरचे कोरीव क्रूस शोधायचे, स्कॅन करायचे आणि त्यांना संरक्षण मिळावं म्हणून अर्ज करायचे, हे आमचं काम. आम्ही म्हणजे मी आणि आमच्या लॅबमधले, रिटायरमेंटला आलेले मोरी-सान.

पहिल्याच अर्जावर नगरपालिकेतला साहेब म्हणाला, "हा क्रूस कशावरून? आमच्याकडे दहाचा आकडाही असाच लिहितात."

मोरी-सान म्हणाले, "मग एक ते नऊ कुठे आहेत, तेवढं दाखवा."

अर्ज नामंजूर.

*

एका बौद्ध मंदिरामागे पाय धुवायचा दगड होता. तिघांनी मिळून उलटवला, तर खाली क्रूस आणि एका बाईचं नाव. तिथल्या वृद्ध भिक्षूंचा चेहरा उतरला. "चाळीस वर्षं मी हिच्यावर उभा राहिलोय," ते म्हणाले.

पुढच्या महिन्यात त्यांचा फोन आला. नळाखाली नवा दगड बसवायचा होता. "आधी तुम्ही येऊन बघून जा. मला आता कुठल्याच दगडावर पाय ठेववत नाही."

*

एका दगडाला मात्र संरक्षण मिळालं. आम्ही लॅबमध्ये केक कापला. मग 'हात लावू नये' असा फलक आला. त्याच्या खांबासाठी खड्डा खणताना मशीनचा धक्का लागला आणि दगड मधोमध फुटला.

मोरी-सानांनी फोटो मोठा करून नीट बघितला. मग त्यांनी विचारलं, "फलकाला काही झालं नाही ना?"

फलक आजही ठणठणीत आहे.

*

डोंगरातल्या एका गावात ओकुदा आजी एकट्या राहतात. ख्रिस्ती धर्मावर बंदी होती तेव्हा त्यांच्या घराण्याने परसातल्या भिंतीत क्रूस कोरलेला एक दगड लपवला होता. आजींनी आपणहून आम्हाला तो दाखवला, स्कॅनही करू दिला.

मी म्हटलं, "आजी, नोंद करूया. सुरक्षित राहील."

"नोंद झाली की सरकारला कळेल?"

"हो, म्हणूनच तर."

त्या काही बोलल्या नाहीत. मी तो होकार समजले आणि अर्ज भरला. फोटो तेवढे तपासणीच्या वेळी द्यायचे ठरले.

अधिकाऱ्याला घेऊन आम्ही गेलो, तर क्रूसाच्या जागी सिमेंटचा ताजा गिलावा होता. आजींनी चहा ठेवला.

"तो दगड कुठाय?" अधिकाऱ्याने विचारलं.

"कुठला दगड?"

फोटो माझ्याकडे होते. मी बॅगेची चेन उघडली. मोरी-सानांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि अधिकाऱ्यापुढे कमरेत वाकले.

"माफ करा," ते म्हणाले. "चूक माझी. आम्ही घर चुकलो."

आजींनी मोरी-सानांच्या कपात आणखी चहा ओतला.