पूनमसिंग सरांचं पाचवं प्रकरण

आर्णीसारख्या गावात फॅन क्लब असतो तो एखाद्या नटाचा, फार तर पुढाऱ्याचा. आमच्या वेळी तो इतिहासाच्या प्राध्यापकाचा होता. आता नागपुरात हे कुणाला सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतात. पण होता. ऑर्कुटवर होता, 'पूनमसिंग सरांचे वेडे' असं त्याचं नाव होतं, आणि जीवन आणि मी असे त्याचे दोन मालक होतो. निम्मे सभासद खरे, निम्मे जीवननं आपल्या चुलत-मावस भावंडांच्या नावानं उघडलेले. गर्दी दिसायला पाहिजे ना!

सर म्हणजे पूनमसिंग राठोड. अरुणावतीच्या काठच्या एका तांड्यावरचे. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. ग्रंथपालाची जागा भरेपर्यंत ग्रंथालयही त्यांच्याकडेच होतं, आणि ती जागा सरकारनं काही भरली नाही. एक लांबट खोली, दोन पंखे, त्यातला एक फिरायचा. शेजारी कापसातली सरकी काढायचं जिनिंग होतं. हंगामात खिडकीतून कापसाचे धागे उडत यायचे आणि पुस्तकांवर बसायचे. सर वर्गात बोलता बोलता समोरच्या पुस्तकावर फुंकर मारायचे. आम्ही ऑर्कुटवर त्यांचे डायलॉग जमवायचो. "पुस्तक वाचलं का चाळलं?" हा सगळ्यात गाजलेला. पान फाटलेलं पुस्तक कुणी आणून दिलं तर ते फाटका तुकडा मागायचे. तुकडा नसला तर म्हणायचे, "जा, घरी गादीखाली पाह्य." आणि तो खरंच सापडायचा.

माझे वडील बाबाराव विहारात वर्षावासात ग्रंथवाचन करायचे, त्यामुळे मोठ्यानं वाचणारा माणूस मला नवा नव्हता. पण सर वाचत नसत, सर त्या काळात जाऊन उभे राहत आणि तिथून आम्हाला हाक मारत. मी त्यांच्यावर तेव्हा जीव टाकत होते, आजही टाकते. हे स्पष्ट सांगितलेलं बरं, म्हणजे पुढं मी त्यांची बाजू घेतली की कुणी नाक मुरडणार नाही.

त्या वर्षी कापसाचा भाव पार बसला होता. खरेदी केंद्र आज उघडतं, उद्या उघडतं, असं चाललं होतं आणि बाहेर बैलगाड्यांची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत गेली होती. घरची मोठी माणसं दुसऱ्या कामात, म्हणून गाडी राखायला पोरं. आमचा अर्धा वर्ग तिथंच मुक्कामाला. कॉलेजात सर आले, समोर पाच पोरी आणि एक खोकणारा पोरगा. त्यांनी खडू ठेवला, आपली लुना काढली आणि आम्हालाही म्हणाले, "चाला."

रांगेत एका गाडीच्या दांडीवर बसून त्यांनी हजेरी घेतली. कापसाच्या ढिगावरून पोरं "हजर" म्हणत होती. एकानं विचारलं, "सर, पयलेबी अशीच लाइन लागे का?"

सर हसले. "पयले लाइन चाले बे. उभी नाई राहे."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. रेल्वे नव्हती तेव्हा वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून उत्तरेला मिर्झापूरकडं जायचा. तो नेणारे त्यांचेच पूर्वज. हिरासिंग नावाचा एक नायक, त्याचा तांडा, हजारो बैल, पुढच्या बैलाच्या गळ्यात घंटा. येताना मीठ. पोरं ढिगावरून खाली उतरून दांडीभोवती येऊन बसली. शेवटच्या खेपेला हिरासिंग निघाला, त्याच सुमारास रेल्वे आली, आणि तांडा पोचल्याची नोंद कुठंच नाही.

"मंग कुठी गेले?" जीवननं विचारलं. जीवनही तांड्यावरचाच, सरांच्या शेजारच्या तांड्याचा.

"तेच तं पाचवं प्रकरण हाये," सर म्हणाले. "ते नाई झालं अजून."

तेव्हा आम्हाला कळलं की सरांचा प्रबंध आहे. पीएच.डी.चा. चार प्रकरणं लिहून ग्रंथालयाच्या कपाटात फडक्यात गुंडाळून ठेवलेला. पाचवं नाही म्हणून दिलेलाच नाही. विद्यापीठाची मुदत वाढवून वाढवून आता येत्या दिवाळीवर आली होती. त्यानंतर नोंदणीच रद्द.

जीवननं दुसऱ्याच दिवशी सरांना विचारून पहिलं प्रकरण ऑर्कुटवर टाकायला घेतलं. तळटिपा वगळून, रोमन लिपीत, थोडं थोडं. सायबर कॅफेत मी शेजारी बसून मजकूर सांगायचे आणि तो दोन बोटांनी टाइप करायचा. आठवड्याभरात पुण्याचे, बंगळूरचे, हैदराबादचे लोक येऊन पडले. त्यातले बरेच गोर, म्हणजे बंजारा समाजाचे, कंपन्यांतून नोकऱ्या करणारे, रात्रपाळीत कंटाळलेले. प्रत्येक भागाखाली एकच ओरड, पुढचा कधी. हिरासिंग नायक हैदराबादला गेला असं एक टोळकं म्हणायचं, दुसरं म्हणायचं तो रेल्वेच्या रुळांवर मजुरी करायला गेला. शिवीगाळीपर्यंत पाळी यायची. एका प्रबंधावरून! ज्याचं बाइंडिंगसुद्धा झालं नव्हतं!

जीवननं हिरासिंगचं चित्र काढलं. पिळदार दंड, हातात तलवार. सरांनी ते ग्रंथालयातल्या उजेडात धरून पाहिलं. "तलवार कायले देल्ली बे? मिठाचं पोतं दे. दंड राहू दे."

पुण्याच्या एका मुलीनं हिरासिंगच्या लग्नाची गोष्ट लिहिली. चैत्रातलं लग्न, मोहोर वगैरे. आम्ही सगळे त्यावर फिदा. सरांनी ती वाचली आणि मला म्हणाले, "मोनालीबाई, त्या पोरीले सांगजो, चैत्रात तांडा रस्त्यावर राहे. लग्न करा लागे पावसाळ्यात, मुक्काम पडला की." पोरीनं बिचारीनं सगळी गोष्ट पुन्हा लिहिली. मोहोर काढून चिखल घातला. आधीपेक्षा चांगली झाली.

आता पाचव्या प्रकरणाचं. हिरासिंग कुठल्या वाटेनं गेला ते सरांना कागदात सापडलं नव्हतं, कारण ते कागदात नव्हतंच. ते त्यांच्या आईला येत होतं. धनीबाई त्यांचं नाव. सत्तरी उलटलेली, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्यांची बलोती, आवाज खणखणीत. नवरी सासरी निघते तेव्हा तांड्यावर ढावलो गातात, नवरीनं आणि बायांनी गळ्यात गळा घालून रडत गायचं गाणं. धनीबाईंच्या घरातल्या ढावलोत नवरी बापाला विचारते की मी तुम्हाला शोधायला आले तर कुठं कुठं शोधू, आणि मग एकेक मुक्काम येतो. इथलं पाणी गोड, इथलं मचूळ, इथं आपला बैल मेला. सरांनी लहानपणी बहिणीच्या लग्नात ते ऐकलं होतं. दोन-चार नावं आठवत होती, बाकी पुसट.

मग विचारून लिहून का घेत नव्हते? आम्हीही तेच म्हणालो. सर म्हणाले, "नवरी नसतानी ढावलो गायत नाई. माय म्हणते, घरातून कोनी तरी जाते मंग."

पण त्या वैशाखात घरात नवरी होती. सरांची पुतणी राखी. आईविना वाढलेली, धनीबाईंनीच लहानाची मोठी केलेली. तिला दिलं होतं पार कर्नाटकात, विजापूरच्या बाजूला. धनीबाईंनी सरांना सांगून ठेवलं होतं, "त्या येळी लिवू नको. आयक निस्ता. मंग पावसाळ्यात बसून तुले एक एक मुक्काम सांगतो." सर इतके खूश होते की त्यांनी ग्रंथालयातला बंद पंखासुद्धा दुरुस्त करून घेतला.

लग्नाला आम्हीही गेलो. निघायच्या वेळी धनीबाईंनी राखीला मिठीत घेतलं आणि सुरू केलं. मला गोरबोली येत नाही. तरी मी रडले. माझ्या शेजारच्या फोटोग्राफरनं कॅमेरा खाली ठेवला आणि तोही रडला. राखी मधेच हुंदका देऊन थांबायची आणि आजी तिची ओळ उचलायची. सर हात बांधून उभे होते, ओठ हलत होते, पाठ करत होते बहुतेक.

जीवनच्या खिशात नवा कॅमेऱ्याचा मोबाइल होता. त्यानं सगळं रेकॉर्ड केलं.

वाईट मनानं नाही केलं, हे मी शपथेवर सांगते. तो फॅन होता. फॅनला आपल्या माणसाची चीज दडवून ठेवता येत नाही, ती सगळ्या जगाला दाखवल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. त्यानं ते ऑर्कुटवरच्या लोकांना दिलं. 'पाचव्या प्रकरणाचा ट्रेलर' असं वर लिहून. पुण्यात कुणीतरी त्यातला सगळ्यात आर्त तुकडा कापून रिंगटोन केला. ब्लूटूथवरून तो इकडून तिकडं, मोबाइलच्या दुकानांतून मेमरी कार्डांवर, उमरखेड, दिग्रस, पुसद. एका हुशारानं मागे डीजेचा ठोका घातला.

मृगाच्या आधीच्या बाजारात धनीबाई आर्णीला बियाणं घ्यायला आल्या होत्या. एसटीत शेजारच्या पोराचा फोन वाजला आणि त्यांचाच आवाज आला. त्यांना आधी वाटलं आपण वेडे झालो. मग पुढच्या सीटवर दुसरा वाजला.

त्या बियाणं न घेता सरळ ग्रंथालयात आल्या. त्याआधी कधी आल्या नव्हत्या. मी आणि जीवन तिथंच होतो. त्यांनी आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं.

"पूनम," त्या म्हणाल्या, "मी राखीसाठी रडली होती. या समद्या पोट्ट्यायच्या खिशात कायले रडू?"

सरांना कशाचाच पत्ता नव्हता. जीवननं मान खाली घालून सगळं सांगितलं. सर त्याच्यावर ओरडले नाहीत. आईला घेऊन एसटीपर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, "पुसा. सगळीकून पुसा."

ज्या माणसानं आयुष्यात कागदाचा कपटा फेकला नाही, तो हे म्हणत होता, आणि त्या रेकॉर्डिंगात सगळे मुक्काम होते. पुढचा महिनाभर सर लुनावरून दुकानादुकानात जात होते. प्राध्यापक असून पोरसवदा दुकानदारांपुढं हात जोडत होते, बाप्पा, एवढं काढून टाक. दुकानदार त्यांचेच जुने विद्यार्थी, लाजून काढत. आणि ऑर्कुटवर आम्ही लिहिलं की ज्यांना सर आवडतात त्यांनी ते पुसावं आणि ज्यांना दिलं त्यांनाही पुसायला लावावं. काय लोक होते ते! भांडकुदळ, अर्धवट, रात्ररात्र जागणारे, पण एकानंही नाही म्हटलं नाही. रोज नवी नावं येत, पुसलं, पुसलं, मित्राचंही पुसलं. पुण्याच्या त्या मुलीनं हॉस्टेलच्या खोल्या पालथ्या घातल्या. मला त्या दिवसांची आठवण आली की अजून भरून येतं. जमवायला सगळेच जमतात. विसर्जनाला इतकी माणसं आलेली मी नंतर कुठं पाहिली नाहीत.

सरांना मनातून आशा होती. आम्हालाही. सगळं पुसलं असं आईला सांगायचं, तिचा राग उतरेल, पावसाळा लागलाच आहे, दिवाळीला वेळ आहे. ओसरीत बसून ती एकेक मुक्काम सांगेल.

आषाढात आम्ही तिघं तांड्यावर गेलो. धनीबाई दारात तूर निवडत होत्या. जीवननं पायावर डोकं ठेवलं आणि त्यांच्या बोलीत आई म्हणून हाक मारत मोबाइल पुढं केला. "याडी, पाह्य. काहीच नाई आता. माह्याजवळचं होतं तेबी पुसलं. आता कुठीच नाई ते."

"मले काय समजते त्यातलं," त्या म्हणाल्या. "वाजवून दाखव."

"वाजत नाई आता, याडी. तेच तं."

त्यांनी मोबाइल हातात घेतला. कानाला लावला. बराच वेळ त्या ऐकत राहिल्या, जणू आत खोल कुठंतरी असेल. मग त्यांनी सरांकडं पाहिलं.

"राखी विजापूरहून आली नाई रे अजून," त्या म्हणाल्या. "फोन लागत नाई तिचा. त्या गाण्यात रडत होती नं ते, मधात मधात. म्या म्हटलं, माह्यं काढतीन आन तिचं ठेवतीन." त्यांनी मोबाइल जीवनच्या हातात परत दिला नाही, मांडीवरच्या सुपात, तुरीत ठेवला. "तिचा आवाजबी गेला का?"

 

सर आईसमोर जमिनीवर बसले. "गेला, याडी," ते म्हणाले. "म्याच पुसाले लावला."