अप्पांचं विमान मी बांधून ठेवलं

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण पुढं तुम्हाला माझी कीव येईल आणि ती मला सोसत नाही. चुका माझ्या हातून काही कमी झाल्या नाहीत. एका घरच्या वारलेल्या आजोबांचा फोटो म्हणून मी त्यांच्या जिवंत मेव्हण्याचा फोटो हार घालायच्या चौकटीत बसवून दिला होता. ते निभावलं. मेव्हणे स्वतः दुकानात येऊन चौकटीतून सुटून गेले. पण अप्पांच्या विमानाचं जे केलं, त्याला तोड नाही. एका माणसानं पंचवीस वर्षं जपलेली गोष्ट मी आठ दिवसांत संपवली. वर त्याच्याकडून शाबासकीची वाट बघत बसलो.

गाणगापुरात देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं फोटो-फ्रेमचं दुकान आहे. दत्ताचे फोटो, पादुकांचे फोटो. घेणारे सगळे महाराष्ट्रातले. फोटो विकण्यापेक्षा मोठी कला असते ती तो नीट बांधून देण्याची. इथून सांगली-साताऱ्याला एस.टी.नं धक्के खात जायचं आणि काच शाबूत राहिली पाहिजे. दिवसातून शंभर वेळा मी एकच वाक्य ऐकतो, 'जरा नीट बांधून द्या हो.' हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

दुकानाच्या मागं दोन खोल्यांत सिद्रामप्पा राहायचे. मूळचे निंबर्ग्याचे, जातीनं लिंगायत, वय सत्तरीला टेकलेलं. सगळं आयुष्य वायुदलात मेकॅनिक म्हणून गेलेलं. कधी उडाले नाहीत, पण ज्यांनी उडवली त्यांची विमानं खालून नीट केली. बायको गेल्यावर गावातलं घर खायला उठायलंय म्हणून इथं आले. इथं निदान यात्रेकरूंची वर्दळ असते. गावात सगळे त्यांना विमान अप्पा म्हणायचे.

त्यांच्या कपाटात वरच्या फळीवर एक पुठ्ठ्याचा डबा होता. झाकणावर रंगीत चित्र, ढगातून चाललेलं दोन पंख्यांचं मालवाहू विमान. आत प्लास्टिकचे सुटे भाग, ते जोडायचे, रंगवायचे, की वीतभर लांबीचं हुबेहूब विमान तयार. अप्पा तसल्याच खऱ्या विमानाखाली वीस वर्षं पाठीवर झोपले होते. डब्यावरचा पारदर्शक कागद पिवळा पडला होता, पण कुठं फाटलेला नव्हता. महिन्या दोन महिन्यांनी ते डबा काढून मला दाखवायचे, झाकणावर हात फिरवायचे आणि म्हणायचे की हे एकदा उभं झालेलं बघायचंय. मग परत वर ठेवायचे. का उघडत नाहीत हे मी कधी विचारलं नाही. मनात आपलं ठरवून टाकलं, म्हाताऱ्याचे हात थरथरतात, जमत नसेल.

त्यांची एकुलती एक मुलगी गिरिजा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. त्या काळात आमच्याकडची हुशार पोरं सगळी तिकडंच निघाली होती. तिनं फ्लॅट घेतला आणि अप्पांना कायमचं बोलावून घेतलं. जायच्या आधी अप्पा शेत वाट्यानं लावायला निंबर्ग्याला निघाले. गुरुवार होता, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तेवढ्या गर्दीतून वाट काढत ते आले, डबा काऊंटरवर ठेवला आणि म्हणाले,

"दिगू, हे विमान नीट बांधून ठेव. तुझ्या हातचं काम पक्कं असतंय. मी आठ दिसांनी येतो."

आणि गेले.

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. बघा, वायुदलातला माणूस, त्याला अख्ख्या गाणगापुरात माझाच हात दिसला. चौकटीचे कोपरे मी जोडतो, सोनेरी नक्षी मी रंगवतो. जाता जाता म्हाताऱ्याला विमान उभं झालेलं बघायचंय.

बायकोनं, सुमननं, त्याच दिवशी विचारलं होतं की बांधून म्हणजे सुतळीनं बांधून का. मी तिला समजावून सांगितलं की घर बांधतात, पूल बांधतात, तसं विमान बांधतात, तुला नाही कळायचं. ती काही बोलली नाही. आमच्या घरात ती गप्प बसली की मी जिंकलो असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, आरतीनंतर गर्दी ओसरल्यावर, दुकानाचं अर्धं शटर ओढलं आणि तो पिवळा कागद ब्लेडनं टर्रकन फाडला. आत हरभऱ्याच्या डहाळ्याला घाटे लागावेत तसे प्लास्टिकच्या काड्यांना भाग लगडलेले. साठ-सत्तर तरी असतील. काही तर तांदळाच्या दाण्याएवढे. एक इंग्रजी कागद होता, त्यावर बाणच बाण. गोंदाची नळी होती, ती दगड झालेली.

म्हटलं, गोंदाचं काय, माझ्याकडं लाकडाचा पांढरा गोंद डबाभर आहे. त्यानं शिसवी चौकट धरते, हे तर खेळणं. पहिल्या दुपारी पोटाचे दोन अर्धे जोडले, दोऱ्यानं गुंडाळून ठेवले. दुसऱ्या दुपारी दोरा सोडला तर दोन्ही अर्धे भावकीतल्या भावांसारखे वेगळे. परत गोंद, परत दोरा. पंख लावला, पडला. लावला, पडला. शेवटी मी त्यावर इतका गोंद थापला की पडायची त्याला लाज वाटली असावी.

तिसऱ्या दुपारी रंग. चित्रात राखाडी होता, माझ्याकडं पांढरा, काळा, तांबडा आणि सोनेरी. पांढऱ्यात काळा मिसळून राखाडी केला, तो यज्ञातल्या राखेसारखा झाला, पण चालला असता. शेपटीवर एक ओघळ आला. चौकटीवर ओघळ आला की मी थिनरचा बोळा फिरवतो. हात सवयीचा, फिरवला.

शेपटी मऊ झाली. मग वाकली. मग बोटाला पाकासारखी चिकटून आली. थिनर प्लास्टिकला खातं हे मला त्या दिवशी कळलं, आणि ज्याला अख्खं गाणगापूर रंगातला जाणकार म्हणतं त्याला ते कळू नये, याचं मला रडू यायलं. बोटावर अप्पांची शेपटी घेऊन मी तसाच बसून राहिलो. बाहेर एक माणूस पादुकांचा फोटो मागत होता, त्याला मी दुकान बंद आहे म्हणून सांगितलं. दुकानातून.

तिथं थांबायला हवं होतं. पण बुडणारा माणूस हात मारणं थांबवत नाही. उरलेल्या लाकडी पट्टीतून मी नवी शेपटी कोरली. दोन दुपारी गेल्या. मग पंखावरच्या खुणा आल्या. कागदावर छापलेली गोल चित्रं, पाण्यात भिजवायची, अलगद सरकवून चिकटवायची. इतक्या वर्षांची जुनी. पाण्यात टाकली तशी दुधावरची साय फुटावी तशी फुटली आणि वाटीत तरंगायला लागली. चिमट्यानं एकेक तुकडा जोडायला बघितला, तो चिमट्यालाच चिकटला. शेवटी बाटलीचं झाकण ठेवून मी स्वतः तांबडे-सोनेरी गोल काढले. सुमन चहा घेऊन आली, बघितलं आणि विचारलं,

"इमानाला हळदी-कुंकू कामून लावलंय?"

मी तिच्याकडं पाठ केली. चहाही घेतला नाही.

एव्हाना दुकानाची दैना झाली होती. सांगितलेल्या फ्रेमा तशाच पडलेल्या. कोल्हापूरच्या एका कुटुंबाची गाडी निघायला आली आणि त्यांचा दत्ताचा मोठा फोटो तयार नाही. काच होती, पट्टी होती, पण मागं लावायचा जाड पुठ्ठा संपलेला. घाईत जो हाताला लागला तो कापला, ठोकला, बांधून दिला. गाडी गेल्यावर लक्षात आलं की तो विमानाच्या डब्याचं झाकण होतं. आजही कोल्हापुरात कुणाच्या तरी देवघरात दत्ताच्या पाठीमागून विमान चाललंय.

आठव्या दिवशी विमान तीन चाकांवर उभं राहिलं. जरा डावीकडं कलत होतं. मी ते काचेच्या कपाटात दोन फोटोंच्या मधे ठेवलं. सकाळी एका म्हाताऱ्या बाईनं रांगेत सगळ्यांना हात जोडले आणि त्यालाही जोडले. मला तो शुभशकुन वाटला.

अप्पा दुपारी आले. मी काही न बोलता कपाट उघडलं, विमान दोन्ही हातांवर घेतलं आणि त्यांच्यापुढं धरलं. तोंडावर हसू होतं माझ्या. ते हसू आता आठवलं की स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

अप्पांनी विमानाकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग काऊंटरवर, खाली, कपाटात नजर फिरवली आणि हळूच विचारलं, "डबा कुठंय?"

झाकणाचं काय झालं ते मी सांगितलं. ते स्टुलावर बसले. आणि म्हणाले,

"मी सुतळीनं बांध म्हणलो होतो, दिगू. गाडीत न्यायला."

मागच्या दारात सुमन उभी होती, तिच्याकडं मी बघितलं नाही. ती माझ्याकडं बघत होती हे पाठीला कळत होतं.

मग अप्पांनी सांगितलं. तो डबा त्यांनी गिरिजासाठी घेतला होता, ती नऊ वर्षांची असताना. पुढच्या सुट्टीत आलो की दोघं मिळून करू, असं तिला कबूल केलं. पुढच्या सुट्टीत तिची परीक्षा. त्याच्या पुढच्या वर्षी सुट्टीच मिळाली नाही. मग ती हॉस्टेलला गेली, मग कॉलेज, मग नोकरी, लग्न. डबा तसाच राहिला. एकट्यानं तो उघडायचा नाही असं दोघांचं ठरलं होतं. आणि परवा फोनवर तिनं कपडे आणा, भांडी आणा असलं काही सांगितलं नव्हतं. एवढंच म्हणाली होती की अप्पा, विमान आणा, आता रविवारी मला सुट्टी असते.

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. मी म्हटलं, मी फोन करतो गिरिजाला, पाय धरतो तिचे. अप्पांनी मान हलवली. रागावले नाहीत, हेच वाईट. रागावले असते तर मी निदान माफी मागत बसलो असतो. ते फक्त "इरली, इरली" म्हणाले. कानडीत, असू दे. आणि मग म्हणाले, आता बांध.

बांधलं. गव्हाचा भुसा घातला, चिंध्या घातल्या, चहूबाजूंनी पुठ्ठा, वरून सुतळीच्या सहा गाठी. जे काम मला येत होतं ते मी त्या दिवशी जीव ओतून केलं, आठ दिवस उशिरानं. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा पुण्याच्या गाडीत बसले, मांडीवर पार्सल. मी खिडकीखाली उभा होतो. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात वर केला, आणि मला हात वर करायचीसुद्धा लाज वाटली.

पुढचा महिना कसा गेला ते विचारू नका. कुणी 'बांधून द्या' म्हटलं की मी आधी 'सुतळीनंच ना?' असं विचारून घ्यायचो. फोन वाजला की मी सुमनला उचलायला लावायचो. जेवण जाईना. रात्रंदिवस एकच चित्र डोळ्यांपुढं. म्हातारा पार्सल सोडतोय, ती पोरगी समोर बसलीय, आणि आतून काय निघतंय तर लाकडी शेपटीचं, हळदी-कुंकू लावलेलं, दुसऱ्यानं बांधलेलं विमान.

एका रविवारी सुमननं फोन माझ्या हातात कोंबला. गिरिजा होती. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ती हसायलेली.

"दिगू अण्णा, तुम्ही त्याला काय लावलं होतं ओ?"

झालं होतं असं. लाकडाचा गोंद प्लास्टिकला धरत नाही. सोलापूरपर्यंत धक्क्यांनी पंख सुटले असतील, इंदापूरपर्यंत पोट उकललं असेल. घरी पार्सल सोडलं तेव्हा भुशातून निघाले ते सगळे सुटे भाग. गिरिजाला वाटलं, विमान अजून जोडायचंच आहे, अप्पांनी फक्त रंग देऊन आणलाय. अप्पांनीही तिला तसंच वाटू दिलं. बाप-लेक चार रविवार बसले. माझा रंग खरवडण्यातच दोन गेले. लाकडी शेपटी तिनं ठेवली, तेवढीच बरी झालीय म्हणाली.

खरं बाहेर आलं ते शेवटच्या रविवारी. सगळं विमान सुटलं, पण एक भाग काही केल्या सुटेना. विमान चालवणारा माणूस. बोटाच्या पेराएवढा. त्याला मी काच चिकटवायच्या जहाल गोंदाच्या उरलेल्या एका थेंबानं खुर्चीत बसवलं होतं. तो पक्का बसला होता, आणि तोंड शेपटीकडं करून. गिरिजानं सुरी घेतली, तेव्हा अप्पांनी तिचा हात धरला आणि सगळी हकीकत सांगितली.

मी विचारलं, मग काढला का त्याला?

"न्हाई," ती म्हणाली. "अप्पा म्हणले, असू दे. त्यो दिगू हाय. पुढं काय हाय ते न बघताच निघालाय."