पहिलं आपलंच उडेल

आमचे हे विमान कंपनीत सव्वीस वर्षं मेकॅनिक. कंपनी बुडाली, तरी हे रोज डबा घेऊन जायचेच. विमानतळाच्या कोपऱ्यात कंपनीची पाच विमानं उभी होती, सगळी भाड्याची. बाकीच्या मेकॅनिकांनी हात टेकले होते. ह्यांनी मात्र आपलं एक विमान सोडलं नाही. एकाच जागी टायर दबू नयेत म्हणून दर आठवड्याला चाकं फिरवायची, पंधरवड्याला इंजिन चालू करून बघायचं, आणि केलेलं प्रत्येक काम वहीत लिहून खाली सही करायची.

मी वैतागून म्हणायचे, "अहो, कुणासाठी मरताय?"

"कंपनी सुरू होऊ दे, पहिलं आपलंच उडेल."

मग कोर्टाचा हुकूम घेऊन विमानांच्या मालकाची माणसं आली. चार विमानांचे भाग काढून एकमेकांना लावलेले, कागद अर्धवट. ती हलवता येईनात. ह्यांच्या वह्या त्यांनी पानन्‌पान तपासल्या. त्यांच्या साहेबाने ह्यांची पाठ थोपटली. "इतकं तयार विमान आम्हाला कुठेच मिळालं नाही," म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी ते घेऊन गेला.

ती चार अजून धूळ खात उभी आहेत. त्यांचे मेकॅनिक अधूनमधून जाऊन बघून येतात. ह्यांना जायला काही उरलंच नाही.

विमान गेलं त्या दिवशी ह्यांनी भरलेला डबा तसाच परत आणला. माझी जीभ तिखट, सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. पण पहिलं तुमचंच उडालं, हे काही माझ्याने बोलवलं नाही.