उलटे झुकलेले बाण

"पाणी असं जाईल का हो?" असं म्हणत त्या चष्मा कपाळावर चढवायच्या आणि नाक पडद्याला लागेल इतक्या पुढे वाकायच्या.

धुळ्याच्या आमच्या कॉलेजात तेव्हा नवेनवे संगणक आले होते. मी प्रयोगशाळेत सहायक, त्या वर्षावर्षाच्या करारावर शिकवणाऱ्या मॅडम. नदीची जागोजागी खोली मोजायची, कुठे पाणी कसं वाहील ते प्रोग्रॅमनं काढायचं आणि त्या त्या जागी एक बाण उमटवायचा, हा त्यांचा नाद. पहिल्यांदा इतके बाण आले की पडदा नुसता पांढराफटक! मग त्यांनी दर चौथाच ठेवला. विभागप्रमुख म्हणाले, "सगळे एका लांबीचे करा, पाहुण्यांना छान दिसेल."

"सर, मग साचलेलं पाणीही पळताना दिसेल," त्या हळूच म्हणाल्या. पण त्यांनी बाणांची लांबी बदलली नाही.

शिंदखेड्याकडच्या एका गावात बंधाऱ्याखालचा काठ खचत होता. दगड कुठे रचायचे ते विचारायला गावातले एक आबा आले. चित्रात नदी आडवी, डावा काठ वर आणि उजवा खाली; धार उजव्या काठाला भिडत होती. आबा बराच वेळ बघत राहिले. "धार डाव्या आंगले लागस, मॅडम," म्हणाले. विभागप्रमुख हसले. उजव्या काठाला दगड रचायच्या कागदावर सही झाली. कॉम्प्युटरपुढे आबा काय बोलणार?

मॅडम मात्र दोन दिवस धड जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळं पाणी डाव्या काठाकडे, म्हणजे वर वाहतंय, असं प्रोग्रॅमला मुद्दाम लिहून दिलं. पडद्यावर बाण खाली, उजव्या काठाकडे झुकले! नकाशा खालून वर मोजतात, पडद्यावरच्या ओळी वरून खाली. त्यांनी बाणांच्या जागा उलटवल्या होत्या, पण त्यांच्या वर-खाली दिशेपुढे उणे चिन्ह द्यायचं राहिलं होतं. एवढंच.

"फोन करून कळवू," विभागप्रमुख म्हणाले. "प्रोग्रॅम चुकला म्हणून गावभर कशाला सांगायचं?"

त्या दुपारच्या एसटीनं निघाल्या. मीही सोबत गेलो. काठावर दगडांच्या गाड्या रिकाम्या होत होत्या. चार माणसांदेखत त्या आबांना म्हणाल्या, "तुम्ही बरोबर होतात. चूक माझी."

आबांनी त्यांना आधी पाणी दिलं. मग म्हणाले, "चूक सांगाले इतलं लांब कोनी येत नही, माय." आणि गाडीवाल्यांना हाक मारून दगड पलीकडे न्यायला सांगितले.

उन्हाळ्यात मॅडमचा करार वाढवला नाही. कारण कोणी सांगितलं नाही, तुम्ही-आम्ही ओळखायचं. निरोपसमारंभही नाही. जळगावला, मेहरूण भागात बहिणीपाशी गेल्या, एवढंच ऐकलं.

पावसाळा सरल्यावर आबा आले. पिशवीत ओल्या शेंगा होत्या. "काठ हालना नही," ते दारातूनच सांगू लागले, मग आत डोकावले. "मॅडम कोठे शे?"

मी गेल्या म्हणून सांगितलं. पत्ता माझ्याकडे नव्हता.  आबा पिशवी मॅडमच्या टेबलावर ठेवून, तिची गाठ पुन्हा नीट बांधून, निघून गेले.