आवरणाविना पोचलेला धागा

मे महिन्याच्या एका दुपारी सरांनी माझी काचेची बशी खिडकीच्या उजेडाकडे धरली. तिच्यातल्या पोषक थरावर बुरशीचे पाच पांढरे ठिपके उगवले होते. "कंटॅमिनेशन है. फेक दो," म्हणाले आणि चहाला निघून गेले. मी ती फेकली नाही.

दोन हजारच्या दशकातली गोष्ट. जयपूरला सरांच्या हाताखाली माझं पीएचडीचं तिसरं वर्ष चालू होतं. बाबा रेल्वेत गार्ड. त्यांची बदली अकोल्याकडे झाली तेव्हा घरचे सगळे सामान बांधून निघाले. "इकडंच बघ काहीतरी," असं आई दर फोनला म्हणायची. मी मुरलीपुऱ्यात एक खोली घेतली आणि मागे राहिले.

माझं काम मातीतल्या एका जिवाणूवर होतं. हा जिवाणू आपल्या डीएनएचा तुकडा झाडाच्या पेशीत घुसवतो आणि झाडाला गाठ येते. तो बुरशीतही असाच जनुक पोचवू शकतो, हे तेव्हा नुकतं कळू लागलं होतं. मला ते हरभऱ्याच्या मर रोगाच्या बुरशीत करून बघायचं होतं. या कामी जिवाणूची काही प्रथिनं राबतात. एक प्रथिन डीएनएचा धागा कापून मोकळा करतं. दुसरं त्याच्यावर आवरण चढवतं, म्हणजे वाटेत कुणी तो कुरतडू नये. आवरण नसलं तर झाडात जवळजवळ काहीच पोचत नाही. बुरशीतही तसंच होणार, हे सरांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

मी तीन प्रकारचे जिवाणू घेतले: एक धडधाकट, एक आवरणाचं प्रथिन नसलेला, एक कापणारं प्रथिन नसलेला. पाठवायच्या तुकड्यात एका विषाला पुरून उरणारं जनुक होतं. बुरशी त्या विषावर जगली, तर जनुक पोचलं असं समजायचं. धडधाकट जिवाणूच्या बशीत ठिपक्यांची गर्दी झाली होती. आवरण नसलेल्याच्या बशीत ते पाच.

त्याआधी, या बशा लावतानाच, खरी अडचण आली होती ती उन्हाळ्याची. अठ्ठावीस अंशांच्या वर हा जिवाणू धागा पाठवायचंच सोडून देतो, आणि आमची प्रयोगशाळा चाळिशीला टेकलेली. थंड राहणारी कपाटवजा पेटी बिघडली होती. "बरसात के बाद कर लेना," सर म्हणाले. मी जवळच्या चौमू गावच्या बाजारातून दोन माठ आणले, एक मोठा, एक लहान. एकात एक ठेवून मधे ओली वाळू भरली, वर ओलं गोणपाट टाकलं. बशा बंद डब्यात घालून आतल्या माठात ठेवल्या आणि दर दोन तासांनी पाणी शिंपडत बसले. जयपूरच्या कोरड्या हवेत आतला पारा पंचविसावर थांबला. प्रयोगशाळेतले सगळे हसले. मी थर्मामीटर दाखवला.

सर चहा घेऊन परतले तेव्हा मी तिन्ही बशा त्यांच्या टेबलावर मांडल्या आणि हिंदीतच सांगितलं.

"सर, बाहेरून काही पडलं असतं तर या तिसऱ्या बशीतही उगवलं असतं. कापणारं प्रथिन नाही, तिथे काहीच नाही. एकही ठिपका नाही."

"एक बार में कुछ साबित नहीं होता."

"म्हणूनच पुन्हा करणार आहे."

"मैंने मना किया तो?"

"तर तसं लिहून द्या, सर."

त्यांनी लिहून दिलं नाही. त्या संध्याकाळी बाबांना फोन केला. बाबांना यातलं काही कळत नसे, पण ते सगळं ऐकून घेत.

"तुले दिसलं ना ते?"

"हो."

"मंग दिसलं म्हन. न दिसल्यासारखं काहून करतं?"

मी तो प्रयोग आणखी चार वेळा केला. आवरण नसलेला धागा दर वेळी पोचला, पण थोड्याच ठिकाणी. मग त्या बुरशीचा डीएनए काढून पाहिला. जनुक तिच्या जीनोममध्ये बसलं होतं, मात्र बऱ्याच ठिकाणी तुकड्याची टोकं कुरतडलेली होती. म्हणजे बुरशीच्या बाबतीत जिवाणूकडे आवरणाचं प्रथिन नसलं तरी धागा जातो, पण जाताना झिजतो.

त्या डीएनए चाचणीचा फोटो सरांनी पाहिला. "थीसिस में एक लाइन डाल दो," म्हणाले. मी पूर्ण प्रकरण लिहिलं. त्यांनी ते दोनदा काढायला लावलं, मी दोन्ही वेळा परत घातलं. तिसऱ्यांदा चार दिवस टेबलावर ठेवून त्यांनी सही केली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाई नेमक्या त्याच प्रकरणावर अडल्या. आवरण नाही तर धाग्याचं रक्षण कोण करतं, असं त्यांनी विचारलं. "माहीत नाही," मी म्हणाले. "बुरशीचंच एखादं प्रथिन करत असेल. मी ते शोधलेलं नाही, म्हणून लिहिलेलंही नाही." बाईंनी मान हलवली आणि पान उलटलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

पदवी वर्षभर उशिरा मिळाली. सरांनी शोधनिबंध कधी छापायला पाठवला नाही आणि शिफारसपत्रही दिलं नाही. त्यापायी एक चांगली जागा हातची गेली. वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण ते पाच ठिपके पुसून मिळालेली जागा मला नको होती.